एक्क्याखाली राजा

तीन बिनहुकमी. खेळणार नंबियार.
उपळेकरांनी आपली तेरा पानं टेबलावर मांडली
आणि चहा सांगायला उठून गेले;
डमीला तेवढीच रजा.
कोपरखैरणे, सोसायटीचा हॉल, शनिवार संध्याकाळ.
भिंतीशी गेल्या गणपतीचं मखर अजून उभं,
त्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल.

तांडेलांनी इस्पिकची पंजी उतरली.
माझी राणी लागली. नंबियारने एक्का दिला नाही.
दश्शी लागली. तरीही नाही.
तिसऱ्यांदा दिला,
तेव्हा माझ्याकडची इस्पिकं संपली होती.
तांडेलांकडे दोन उरली, दोन्ही पक्की,
पण त्यांना डाव मिळणार कुठून?
सारसोळ्याला त्यांच्या चुलत्याची होडी
ओहोटीला अशीच अडकते:
मासळीने भरलेली, आणि धक्क्यापर्यंत नुसता चिखल.

मग नंबियार बदामाने डमीत गेला
आणि तिथून वाजवला चौकटचा एक्का.

माझ्याकडे राजा आणि दुर्री.
मी दुर्री टाकली.
कोण नाही टाकणार?
लहानपणी मेंढीकोट खेळतानाच शिकवतात,
मोठं पान सांभाळ.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या लॅबमध्ये
थेंब थेंब मोजून ॲसिड ओतलं मी,
उगाच काही सांडणाऱ्यांतली मी नाही.

पुढच्या चौकटवर माझा राजा आला,
आणि त्याच्याच खाली
तांडेलांची राणी पडली.
डाव माझा. देणार काय?
इस्पिक एक नाही.
नंबियारचे नऊ हात, मोजून नऊ.

बचावात जोडीदाराशी बोलायची सोय नसते.
भुवईसुद्धा उचलायची नाही.
जे सांगायचं ते नव्व्याने, तिर्रीने,
आणि ऐकणाऱ्याने ऐकलं तर.
तांडेल बॉयलरवर होते आमच्याच कंपनीत.
काटा लाल रेघेवर गेला तरी
चेहरा तसाच.
त्यांनी पानं गोळा केली, पिसली,
माझ्यापुढे कापायला ठेवली.

रविवारी मी नंबियारला नशीबवान म्हटलं.
सोमवारी उपळेकरांच्या पानांना.
मंगळवारी रात्री अडीचला,
समोरच्या टॉवरवर तांबडा दिवा लुकलुकत असताना,
कळलं.
एक्क्याखाली राजा.
कुणी मागितलेला नसताना, स्वतःहून,
खाली टाकून द्यायचा,
आणि दुर्री धरून बसायचं खुळ्यासारखं.
मग राणी जगते,
राणीमागून दोन इस्पिकं,
आणि नंबियार एका हाताने बुडतो.
कूकर लावताना पुन्हा मोजलं. बरोबर होतं.

सहाला फोन केला.
मी नाव सांगायच्या आत तांडेल म्हणाले,
"राजा ना?"
मागे पाण्याचा आवाज, कुणीतरी दोर ओढत असलेलं.
"मॅडम, मीपण झोपलो नाही तीन दिवस.
माझी उतारीच चुकली. बदाम काढायला हवा होता."
मी म्हटलं, तांडेल, बदामाचा राजा तर डमीत होता,
काय झालं असतं बदाम काढून?
"हो, पण डमी उघडते उतारी झाल्यावर,"
ते म्हणाले. "तोवर काय दिसतं माणसाला?"

मला म्हणायचं होतं की चूक माझीच,
त्यात वाटेकरी नको.
पण भरतीला दहा मिनिटं होती, ते घाईत होते.
शनिवारी जरा लवकर या, म्हणाले.
पंख्याखालची जागा धरू.