काळ्या पट्ट्या

दिवाळीच्या बोनसात नवा कन्सोल आणला
आणि त्यावर पहिला गेम घेतला, तो पंचवीस वर्षं जुना.
लेक म्हणाली, बाबा, हा असा काय?
माणसाला नाक नाही, झाडं चौकोनी,
आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना हे काळं काय आहे?

टीव्ही रुंद झाले गं, गेम नाही झाला.
ताणून बसवला असता
तर धावणारा तो गडी जाडा दिसला असता.
कुणीतरी तसं केलं नाही.
रंग भरले नाहीत, नाक काढलं नाही,
फक्त या घरातून उचलून त्या घरात ठेवला,
भरली कळशी हिंदकळू न देता न्यावी तसा.

अशोक चौकामागे राजेशम गाजूलचं पार्लर होतं.
चार टीव्ही, एक पंखा, दहा मिनिटांना दोन रुपये.
भिंतीपलीकडे यंत्रमाग.
त्या खडखडाटात गेमचं संगीत
मला कधी ऐकूच आलं नव्हतं.
आज ऐकलं.
बरं नाही ते फारसं.

तिसऱ्या लेव्हलला विहिरीजवळची भिंत
डावीकडून आलं की आरपार जाऊ देते.
चूकच ती, कुणा लांबच्या माणसाची.
मी शोधली होती.
नागनाथ बोगा अजून शपथेवर सांगतो, त्यानेच.
काल रात्री सगळे झोपल्यावर डावीकडून गेलो.
भिंत नाही म्हणाली नाही.

वडील जॅकार्डचे पुठ्ठे ठोकायचे.
जुने माग भंगारात घालून मालकाने नवे आणले,
म्हणाला, नक्षीही नवी काढू.
वडिलांनी भोकं जुळतात का तेवढं पाहिलं
आणि जुनीच माळ वर चढवली,
मोराच्या शेपटीत एक भोक चुकलेलं, त्यासकट.
सात वर्षं चादरी गेल्या गावोगाव,
प्रत्येक मोराला एक पीस कमी.
एकही चादर परत आली नाही.

सर्वाधिक गुणांच्या यादीत माझं नाव नाही.
तेव्हाही नसायचंच.
लाइट गेली की सगळ्यांचे आकडे पुसले जायचे,
आणि राजेशम आम्हाला बाहेर काढायचा,
एप्रिलच्या उन्हात, उरलेली चार मिनिटं
वहीत लिहून ठेवून.
ती वही कुठे असेल.

आता रिमोट लेकीच्या हातात आहे.
भिंतीचं मी तिला सांगितलेलं नाही.
ती उजवीकडून येते,
आपटते,
पुन्हा येते.