गास्केट

देगलूर रस्त्याला, खताच्या दुकानाशेजारी
शादुलमामू कुकर दुरुस्त करतात.
सव्वीस वर्षं अणुभट्टीवर फिटर होते,
आधी तारापूर, मग कैगा.
पुस्तकात एकच आकृती आहे, मी म्हणाले,
तर त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

"सगळ्या भट्ट्या शेवटी पाणीच तापवत्यात, पोरी.
कुणाचं पाणी कुठवर जातंय, फरक तेवढाच."

तारापूरला पाणी गाभ्यातच उकळायचं,
तीच वाफ तडक चाकावर.
वाफसुद्धा भारलेली,
चाकाजवळ जायचं तर छातीला बिल्ला लावून.

कैग्याला जड पाणी.
दिसायला हेच, आपलंच,
लिटरामागं शंभर ग्रॅम जास्त.
थेंब गळला तरी वहीत नोंद.
(आमच्याकडं नळ बाराव्या दिवशी येतो.
नोंद आई ठेवते, कॅलेंडरवर.)

"सुसाट न्यूट्रॉन कामाचा नाही.
जड पाण्यावर आपटून आपटून दमू द्यायचा,
मग अणू फुटतोय."
हे सांगताना मामू शिट्टीच्या भोकात
सुई फिरवत होते, अगदी हळू.

आणि तिथं दोन पाणी.
जड आतलं, साधं बाहेरचं,
मधे नळीची पातळ भिंत.
एकमेकांना शिवत नाहीत,
ऊब तेवढी पलीकडं जाते.
आमच्या गावातही दोन पाणवठे होते, मी म्हणाले.
मामू थांबले.
"आणि ऊब?"
मी गास्केटकडं बघत राहिले.

मद्रासकडं एक आहे, तिच्यात पाण्याऐवजी
वितळलेलं सोडियम. पाणी लागलं की पेट घेतं.
जाळलं त्याहून जास्त इंधन मागं ठेवायचं, असा तिचा बेत.
"ती मी पाहिली नाही. ऐकीव सांगत नसतो मी."

मग मी विचारलं, बंद केली की संपलं?

"दांडे खाली सोडले की दोन सेकंदांत बंद.
गार व्हायला?
जळालेल्या कांड्या वर्षानुवर्षं तळ्यात ठेवाव्या लागत्यात,
पाणी फिरवत. बंद होऊनही आत काहीतरी
तुटतच राहतंय."

निवृत्तीला नऊ वर्षं झाली.
रात्री अडीचला अजून उठून बसतात, चाची सांगत होती,
पाळी नसताना.

झाकण लावलं, स्टोव्हवर चढवलं,
तीन शिट्ट्या मोजल्या. चाळीस रुपये.
"घरी भात लावशील तेव्हा," मामू म्हणाले,
"गॅस बंद केला म्हणून लगेच उघडू नको."