व्हिनेगरचे चार थेंब

बाबा गमबूट घालून नदीत उतरतात,
गुडघ्याच्या ऑपरेशनला सातच महिने झालेत.
ओस्त्रावित्सेत अजून बेस्किडीचं बर्फच वाहतंय,
एप्रिल फक्त कॅलेंडरवर.
मी काठावर, हातात बादली.
"कारखान्याच्या खालचा एकही नको," ते ओरडतात,
"पुलाच्या वरचेच. आणि एका जागचे सगळे नाही उचलायचे,
खाली कुणीतरी राहत असतं."
उचललेला दगड ते उलटा करतात
आणि पोटाला चिकटलेल्या अळ्या
एकेक करून पाण्यात परत सोडतात.
थंडीने निळी पडलेली बोटं, पण घाई नाही.

एकतीस वर्षं या माणसाने
सहाशे मीटर खाली काढली.
तेव्हा नजर दगडाची असायची, यांच्यावर.
आता हे त्याला हातात घेऊन
हातोडीच्या दांड्याने वाजवतात,
कान लावून ऐकतात.
खणखणीत वाजला तर बादलीत.
बद्द वाजला की आत चीर आहे,
जा बाबा, तू नदीतच बरा.

एकात पिवळी चमक होती. मला फार आवडला.
"सोनं!"
"हे सोनं गंजतं, यित्का.
आणि किंमत मासे मोजतात."

स्वयंपाकघरात टेबलभर वर्तमानपत्रं,
बटाटे घासायचा आईचा ब्रश.
साबणाला हात लावायचा नाही,
साबण दगडातून कधीच पुरता निघत नाही.
मी म्हटलं, उकळून घेऊ या का,
जंतू तरी मरतील.
ब्रश थांबला.
"दगडात पाणी अडकलेलं असतं.
तापलं आणि बाहेरची वाट नसली
की तो फुटतो."
मग बराच वेळ नुसता घासण्याचा आवाज.
त्यांच्या मनात कुठला फुटलेला दगड होता
ते मी विचारलं नाही.
तिसऱ्या पाळीला गेलेले यारोमीर काका
वर आले नव्हते, एवढंच लहानपणापासून माहीत आहे.

पंधरा दिवस बादलीत, रोज नवं पाणी.
मग कोरडे करून खिडकीत ओळीने मांडले,
शाळेतल्या तपासणीला उभी केलेली पोरं जशी.
व्हिनेगरची बाटली, ड्रॉपर, आणि बाबांचा चष्मा.
चार थेंब, आणि वाट बघायची.
पांढरी शीर दिसली तर तिच्यावर वेगळे चार.
"आपले निऑन मऊ पाण्यातले.
चुनखडी आत गेली तर पाणी कडक होत जाईल,
एका दिवसात नाही,
आपल्याला कळणारही नाही."

सगळे गप्प राहिले. वालुकाश्म, सगळे पास.

तेव्हा बाबा उठून आतल्या खोलीत गेले
आणि आईचा दगड घेऊन आले.
इस्त्रियाच्या किनाऱ्यावरचा, अंड्यासारखा पांढरा,
मी नऊ वर्षांची असताना तिने
ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलेला.
सीमेवर शिपायाने बॅग उघडायला लावली होती,
आणि ती हसत सुटली होती.

"बघू," म्हणाले. फक्त "बघू".
काय होणार ते मला माहीत होतं.
त्यांना तर माझ्याआधी.

चार थेंब.
बारीक बुडबुडे उठले, घाईघाईने,
काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखे.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात,
तो असा, शेगडीशेजारी,
सॅलडच्या व्हिनेगरने.

त्यांनी तो नळाखाली धरला,
लागतं त्याहून खूप जास्त वेळ.
मग शर्टाच्या बाहीने पुसला.

टाकीच्या तळाला आधी फोम,
त्यावर मोठे दगड, मग वाळू.
"वाळूवर दगड ठेवायचे नाहीत.
मासे खालून उकरतात, आणि वरचं सगळं
बसतं." हाताने दाखवलं, कसं बसतं ते.
प्रत्येक दगड दोनदा हलवून पाहिला,
छताचे खांब हलवून पाहायचे तसा.

आईचा दगड टाकीबाहेर आहे, दिव्याजवळ.
रात्री काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं
आणि निऑन त्यातून आरपार जातात.
बाबा समोर बसतात, दगड मांडीवर.
जिथे थेंब पडले तिथली झिलई गेली आहे,
जरासं खरबरीत लागतं.
त्यांचा अंगठा तिथेच फिरत असतो.