हत्ती, प्रश्नचिन्ह

ब्रॅडफर्डच्या संग्रहालयाचं तळघर. तेरा नंबरचा खण.
मिस्टर बॅराक्लफ किल्ली आधी फुंकतात, मग फिरवतात.
लोकरीच्या गाठीतून आला म्हणे हा सुळा,
क्वीन्सलंडहून, मेंढ्यांच्या केसांत गुंडाळलेला,
अठराशे एकाहत्तर साली.
गिरणीतल्या कुणा कारकुनाच्या अक्षरात चिठ्ठी:
'हत्ती', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

दीडशे वर्षं त्या चिठ्ठीत तेवढंच खरं होतं,
प्रश्नचिन्ह.

हत्ती नाही, मिस्टर बॅराक्लफ.
वॉम्बॅटची थोरली चुलती समजा,
गेंड्याएवढी, पावलं आत वळलेली,
आणि पोटाला ओटी.
ओटी कशी सांगू इंग्रजीत?
पाउच म्हटलं की त्यांना तंबाखू आठवते.
मी कोटाचा घोळ पुढे धरून दाखवते,
शेंगा वेचताना धरतात तसा.
हिची मात्र मागे उघडणारी असावी, म्हणते,
उकरलेली माती पिल्लाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.
"शहाणपणाचं आहे," ते म्हणतात
आणि चहाचं आधण ठेवायला जातात.

असा सुळा जन्मभर वाढतो, नखासारखा.
म्हणून त्यात तारखा असतात.
केसाएवढ्या ड्रिलने मी एकेचाळीस खळगे पाडले,
टोकापासून मुळापर्यंत.
प्रत्येकातून निघाली
शिंकसुद्धा येणार नाही एवढी भुकटी.
ती लीड्सच्या यंत्रात गेली, आकडे होऊन परत आली.

पहिले नऊ खळगे: बसाल्टवरचं गवत.
(हा आकडा मला पाठ आहे.
काळ्या दगडाच्या मुलखात मी वाढले.)
पुढचे सहा: वाळूचा खडक.
म्हणजे ती चालली. दोनशे किलोमीटर तरी.
मग पुन्हा बसाल्ट, पुन्हा वाळू,
जाणं आणि येणं,
गवताच्या मागे, पाण्याच्या मागे,
जिथं आता तारेची कुंपणं आहेत आणि मेंढ्या,
ज्यांची लोकर इथल्या गिरण्यांनी विणली.

एकतिसाव्यापासून ती हललेली नाही.
अकरा खळगे एकाच जागी.
थकली होती?
पाय दुखावला?
वाटेवरची तळी आटली?
की ओटीत कुणी होतं, आणि ते जड झालं होतं?
निबंधात मी लिहिलं: 'कारण अनिश्चित.'
म्हणजे कारकुनाचंच प्रश्नचिन्ह,
फक्त तीन तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं.

तिला पाहिलेली माणसं होती त्या देशात.
त्यांच्या भाषेत तिला नाव असणार,
हाक मारायचं नाही तर निदान
पोरांना 'तिकडे जाऊ नका' सांगायचं.
चिठ्ठीवर जागा होती. विचारलं नाही कुणी.

मार्चमध्ये मॅनिंगहॅम लेनच्या डेंटिस्टने
माझी अक्कलदाढ काढली.
टाकून देऊ ना, म्हणाला.
मी म्हटलं, नको, द्या.
रुमालात बांधून थेट कामावर आले, अर्धा गाल बधिर.
आठ ते पंधरा या वयाचं पाणी आहे तिच्यात:
मेहकरची विहीर, पैनगंगा,
मग बाबांची बदली, नागभीडचा तांबूस खडक,
बाराव्या वर्षी पुन्हा मेहकर.
काळा दगड, तांबूस दगड, काळा.
त्यानंतर मी कुठे कुठे गेले
ते तिला माहीत नाही. तिचं बनणं तोवर संपलं होतं.

एकदा ड्रिलखाली धरली.
बटण दाबलं नाही.
आकडा आला असता त्या सुळ्याच्या इतका जवळ
की दोघी एका गावच्या वाटल्या असत्या,
आणि ते खोटं ठरवायला
माझ्याकडे आणखी एक यंत्र लागलं असतं.

तळघरात नोंद नसलेली वस्तू ठेवता येत नाही,
मिस्टर बॅराक्लफ सांगतात. नियम आहे.
ते चष्मा पुसतात, दाढ उजेडात धरून फिरवतात,
आणि वहीत सावकाश, पेन्सिलीने, लिहितात:
'दाढ, एक. लहान.
मालकीण येऊन नेईल.'