उलटं दव

अन्येलोच्या वळणावर, डांबर संपतं तिथे,
जूनची पहाट. आमच्याकडे थंडी जूनमध्ये येते.
सेल्सो वेन्चुमान गाडीचं इंजिन बंद करत नाही.
शेजारच्या सीटवर, माणूस बसवावा तसे,
घोंगडीत गुंडाळलेले तीन सिलिंडर.
सिलिंडरांना घोंगडी, स्वतःला उसवलेलं जॅकेट.
पोरं हसतात. हसोत.

वारा असा की दार उघडायला खांदा लावावा लागतो.
पाइप मात्र मुकाट.
प्रोब नळीच्या मधोमध पोचला पाहिजे;
कडेने ओघळतं ते नळीचं, तो म्हणतो,
ते वायूचं म्हणून विकू नये.
मग भरतो, सोडतो. भरतो, सोडतो.
कालचा श्वास आजच्यात राहू नये म्हणून.
मी एकदा मोजलं, अकरा वेळा.
फॉर्मवर रकाने आठच होते.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक आहे.
पण या भाताची शितं
गारठली की तळाशी जाऊन बसतात,
आणि वरची वाफ हुंगणारा सांगत सुटतो,
यात काही दम नाही.

पहिल्या वर्षी मला एक गोष्ट पटत नव्हती.
दाबलं की थेंब होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
इथे दाब उतरवला
आणि तेव्हा थेंब झाला!
सेल्सोने बॉनेटवरच्या धुळीत
बोटाने एक डोंगर काढला, पोट सुटलेला.
"ह्याच्या आत वायू आणि तेल एकत्र नांदतात.
वरून सरळ खाली उतरलीस
तर ह्याच्या पोटातून जावं लागेल.
टाळायचं असेल तर आधी उजवीकडे सरक.
उजवीकडे ऊब आहे."
वाऱ्याने डोंगर पुसला.
मला लागणार होता तेवढा राहिला.

तेवढाही राहिला नव्हता, हे ऑगस्टमध्ये कळलं.

नवा सुपरवायझर रेमिजियो, बूट चकचकीत.
घोंगडी नियमात बसत नाही, म्हणाला.
सेल्सोने नीट भरलेले सिलिंडर
रात्रभर उघड्या ट्रकच्या हौद्यात पडून राहिले.
सकाळी माझ्या टेबलावर आले तेव्हा
पोलादाला बोट चिकटत होतं.
बारा नमुने रांगेत होते. मी ऊब दिली नाही.
यंत्राला जोडलं, आणि कागदावर
मिथेनचा सुळका उभा राहिला,
पुढे सगळं सपाट,
आमच्या पठारासारखं, झुडूपही नाही.
मी सही केली.

सही ब्युनोस आयर्सला गेली.
तिकडून पत्र आलं: उष्मांक कमी, रक्कम कापावी,
नमुना घेणारा निष्काळजी.
सेल्सोला दोन महिने बिनपगारी घरी बसवलं.

उरलेला एक सिलिंडर कपाटात होता, सील न तोडलेला.
मी त्याला गरम पट्टा बांधला
आणि रात्रभर खुर्चीवर बसून राहिले.
पहाटे पुन्हा जोडला.
ब्यूटेन आलं. पेंटेन आलं.
मग इतका वेळ काही नाही
की मी उठून खिडकी लावून आले,
आणि परत येते तो सपाट कागदावर
हेक्झेनची टेकडी, बुटकी, रुंद,
उशिरा येऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी.

दुसरं पत्र मी स्वतः लिहिलं. त्यात माझं नाव होतं.

सेल्सो आला तो सोमवारी, बाहेरच्या गारठ्यातून
प्रयोगशाळेच्या उबेत.
दारातच त्याचा चष्मा पांढरा झाला.
मी म्हणायला लागले, माझ्यामुळे
"कितव्या मिनिटाला आलं?" त्याने मध्येच विचारलं.
"अकराव्या."
त्याने मान हलवली.
चष्मा पुसला नाही. पुसलं की ओघळ राहतात.
तो तिथेच उभा राहिला, हात खिशात,
काच आपोआप निवळेपर्यंत,
आणि आतलं काही मला दिसत नव्हतं.