अंगठ्याचं वाचन

पूर्वी मी डोळे मिटून बायबल उघडायचो,
कुठंतरी मधेच,
आणि पानावर अंगठा टेकायचो.
अंगठ्याखाली येईल ती ओळ आजची.
ही आईची रीत.
तिला अक्षर येत नव्हतं.
ती अंगठा ठेवायची, मी वाचायचो,
आणि ती म्हणायची, "बघ, बोलला."
रेशनच्या दुकानात, पगाराच्या कागदावर
जो अंगठा तिनं आयुष्यभर उठवला,
तोच शास्त्रावरही.

लेकीला बघायला इचलकरंजीचे लोक येणार होते,
त्या सकाळी माझ्या अंगठ्याखाली
निवासमंडपाचे पडदे आले:
लांबी अठ्ठावीस हात, रुंदी चार हात,
काठाला पन्नास बिरडी, जोडायला पन्नास आकडे.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी,
मापं कळली.
होकार की नकार, ते कळेना.
आई असती तर म्हणाली असती,
अठ्ठावीस तारीख धर.

बुधवारी चर्चच्या मागल्या खोलीत
आम्ही सहा-सात जण बसतो.
पाळक नसतात. एस्तेर सोनुले असतात,
सीपीआरच्या निवृत्त नर्स,
गळ्यात दोरीचा चष्मा, हातात शिसपेन्सिल.
माझं अंगठ्याचं ऐकून त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "मी वॉर्डात होतो तवा
नुसता ताप बघून गोळी दिली न्हाई कुणाला.
आदी इचारायचं, कवापास्नं? काय खाल्लं? संगं कोण आलंय?
ओळीलाबी इचारा की.
कोण बोलतंय, कुणाला,
आदल्या पानावर काय झालंय."

त्या बुधवारी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट होती:
पहाटे लागलेल्यांना एक रोजगार,
दिवस कलताना आलेल्यांनाही तेवढाच.
ही मी शंभरदा ऐकलेली,
आणि शंभरही वेळा, कुणाला न सांगता,
पहाटेवाल्यांच्या बाजूनं होतो.
उन्हात राबले ते.

शांतवन चोपडे कधी बोलत नाही.
सेंट्रिंगचं काम करतो, मिरजकर तिकटीला उभा राहतो.
तो म्हणाला,
"पाच वाजंपतोर थांबलेला माणूस आळशी नसतोय.
आळशी धा वाजताच घरला जातोय.
ह्यो थांबलाय,
कारण डबा तसाच घिऊन
घरात शिरायचं कसं?"

पंखा फिरत राहिला.
मला आमच्या शॉपमधला एक पोरगा आठवला,
गारगोटीकडचा, दिवाळीआधी पंधरा दिवस लागलेला.
मालकानं त्यालाही पुरता बोनस दिला,
आणि मी तीन दिवस मालकाशी बोललो नव्हतो.
इतकी वर्षं ही गोष्ट मी
दुसऱ्या कुणाची म्हणून ऐकत आलो.
पोराचं नाव काही आठवेना.

तरी मी विचारलं,
"मळ्याचा मालक म्हणजे देवच का?
मग तो सगळ्यांना सकाळीच का नेत नाही?"
बाई म्हणाल्या, "मला बी ठावं न्हाई. लिवून ठेवा."
लिहिलंय समासात.
पेन्सिल पुसट झाली की परत गिरवतो.

घरी येऊन ते पडद्यांचं पान काढलं,
या खेपेला डोळे उघडे ठेवून,
अलीकडची पानं वाचली, पलीकडची.
वाळवंटात चाललेली माणसं, घर नसलेली,
आणि त्यांच्यात राहायचं म्हणून देवालाही तंबूच.
बिरडी समोरासमोर यायला हवीत,
बोटभर इकडेतिकडे झालं तर पडदे जुळायचे नाहीत.
हे मला कुणी समजावून सांगायला नको.

होकार-नकार त्यात तेव्हाही नव्हता,
आताही नाही.
तो लेकीला विचारायचा होता.
त्या सकाळी ती स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती,
माझ्यापासून
चार हातांवर.