शंभराला दीड

होडी चार वर्षं बोळात उलटी पडलीय, टायरांवर.
स्वयंपाकघराची खिडकी अर्धीच उघडते.
बेबीआत्या नारळ घेऊन आली की
तिला मोरीच्या बाजूनं यावं लागतं, आणि ती तसं बोलूनही दाखवते.

बाबांनी आधी कुठलंच हत्यार घेतलं नाही.
जुना जाड रुपया घेतला
आणि नाळेपासून मागच्या फळीपर्यंत ठोकत गेले.
टक. टक. टक. टक. ढब.
"आयकलंस? हितं पोकल हाय."
मी खडूनं गोल काढला.
दिवाळ्यात दिवेलागण होईपर्यंत सतरा गोल.
गल्लीतल्या पोरांना वाटलं, आम्ही लंगडीचा डाव मांडतोय.

लाकडाची होती ती दरवर्षी तेल मागायची.
ही काही मागणार नाही, म्हणून घेतली.
काच कुजत नाही, असं विकणारा म्हणाला होता.
खरंच होतं ते. काच नाही कुजली.
काचेच्या आतलं प्लायवूड कुजलं.
इंजिन टांगायची फळी उघडली,
तर चहात बुडालेल्या बिस्किटासारखी बोटाला आली,
आणि वास आला
खाडीचा नाही, बंद कपाटाचा.

ग्राइंडरची धूळ दिसायला पावडरसारखी.
रात्री कोपराच्या आत, मानेवर, कानामागे
एकेक काच जागी होते.
गरम पाणी घेऊ नका, थंडच घ्या,
असं अनंता नाखवा सांगून गेला. आंघोळी झाल्यावर.
आईनं खोबरेल आणून आपटलं,
"चादरी मी धुनार नाय. होडीला नेसवा."

हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा,
पिवळ्यावर अर्धं नाव: 'सुमति', ऱ्हस्व.
कोण ही? बाबा म्हणाले, करंज्याची असंल कुनीतरी,
आणि ग्राइंडर बंद करून जेवायला उठले.
अजून बारा वाजायचे होते.

तुर्भ्याच्या लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचं रक्त काढते.
म्हणून हार्डनर माझ्याकडे.
शंभराला दीड. थंडी असेल तर दोन.
बाबा म्हणाले, सिरिंज कशाला, नजर हाय ना.
पहिला मग त्यांच्या नजरेचा होता.
चार मिनिटांत तापला, धुरला, वाकला,
ब्रश आत उभाच्या उभा गोठला.
आई तो मग वापरत नाही, फेकतही नाही.

दुसऱ्या मगाला ते गप्प.
मी मोजलं, ढवळलं, त्यांनी रोलर फिरवला.
मॅट भिजत गेली तशी तिचा पांढरेपणा गेला,
खालचं सगळं दिसू लागलं, माझा खडूसुद्धा.
बुडबुडे काठाकडे सरकवायचे,
कोलीम धुताना कचरा सरकवतात तसे.
"दाबू नको. तो सोताच सुटल."

काल लॅबमध्ये एका म्हातारीच्या हातावर
शीर शोधत मी दोन बोटांनी टकटक करत होते.
ती म्हणाली, काय आयकतेस गो?
मला उत्तर आलं नाही.

मग आज टेप लावला.
बोळाच्या तोंडाशी, गेल्या गणपतीत, प्रणितनं
वरच्या मजल्याला लोखंडी जिना बसवलाय.
होडी आडवी धरली तरी साडेतीन फूट.
बोळ उरलाय तीन फुटांना दोन बोटं कमी.
मी टेप दोनदा लावला, मग तिसऱ्यांदा.
बाबा पॉलिश पेपर पाण्यात बुडवत होते.
"ठावं हाय मना."
कधीपासून?
"पयल्या दिसापासून."

मी काहीतरी मोठ्यानं बोलले असेन,
कारण अनंता नाखवा भिंतीवरून डोकावला.
बाबा उठले, खिशातून रुपया काढला,
जिन्याच्या पायाला ठोकला. टक.
दुसऱ्याला. टक.
मग खाली वाकून मोजू लागले:
बारा बोल्ट, त्यातले तीन गंजलेले.
"रॉकेल सोडून ठेव आजच. शनवारी उधान हाय.
आनि परनितला मी सांगन.
नको, तूच सांग."